पातळ सुरी

आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ती विळीवर बसून शिराळी चिरत होती. मी नुकतीच शाळेत शिकवून आले होते आणि मोरीत पाय धूत होते. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मांजरानं भांडं पाडलं असेल असं वाटून मी तिथूनच ओरडले. उत्तर आलं नाही. जाऊन पाहिलं तर आई कुशीवर कलंडली होती, डावा हात अंगाखाली दुमडला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. विळी आडवी पडली होती. तिला कुठं लागलं नव्हतं, हे मी आधी पाहिलं. नंतर पुष्कळदा मनात आलं की त्या वेळी मी नको तेच आधी पाहिलं.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची, साठ साल जवळ आलं होतं तेव्हाची. पनवेलात वीज येऊन बरेच दिवस झाले होते, पण आमच्या आळीत अजून रॉकेलचे दिवे होते. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. वडील मिठागरावर कामाला होते, ते आम्ही लहान असतानाच गेले. आईचं माहेर जवळच्याच ओवे गावचं. वडील गेल्यावर माहेरच्यांनी तिला तिकडे बोलावलं, पण पोरं शिकली पाहिजेत म्हणून ती पनवेलातच राहिली आणि तिकडची भाजी आणून बाजारात विकायला लागली. तिच्या त्या हट्टामुळेच मी मास्तरीण झाले. भावाचं मन पुस्तकात रमलं नाही. तो पुण्याच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात फिटरचं काम शिकला.

आईचं विळीवरचं काम बघण्यासारखं होतं. कांदा ती इतका बारीक चिरायची की तव्यावर पडल्या पडल्या पारदर्शक व्हायचा. शेजारच्या बायका लग्नकार्यात तिला मुद्दाम न्यायच्या, रांधायला नव्हे तर चिरायला. ती पाटावर बसायची, पायानं विळी दाबून धरायची, दोन्ही हातांत भाजी घ्यायची आणि बोलता बोलता ढीग घालायची. खाली बघायचीसुद्धा नाही.

वारं गेल्यावर तिची वाचा हळूहळू आली. तोंडही पुष्कळ सरळ झालं. डावा पाय ओढत का होईना, भिंतीला धरून ती चालू लागली. पण डावा हात गेला तो गेलाच. जमिनीवर बसणंही बंद झालं, कारण बसली की उठता येत नसे. ती स्टुलावर बसायची आणि मी विळीवर बसून चिरत असले की माझ्याकडे बघत राहायची. सकाळची शाळा गाठायची म्हणून मी घाईत असे. माझ्या कांद्याचे तुकडे जाडेभरडे पडत.

एकदा ती म्हणाली, "बाय, ही भाजी चिरलीस का तोडलीस?"

मी हसले. ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मना कायतरी काम दे गं. अशी बसून बसून मी येडी व्हईन."

मी तिला तांदूळ निवडायला दिले. एका हातानं तिनं ते निवडले आणि सूप बाजूला सारून ती भिंतीकडे तोंड करून बसली. हे सगळं भाऊ दारात उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातून येताना त्यानं लाकडाची एक जाड फळी आणली. तिला खालून दोन लांब खिळे ठोकून त्यांची टोकं वर काढलेली होती.

"आये, हे बघ," तो म्हणाला. त्यानं कांदा त्या खिळ्यांवर रोवला. "आता हा हलत नाय. डाव्या हातानं धराची गरजच नाय. उजव्या हातात सुरी घे आणि काप."

आईनं फळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. "सुरीनं? सुरीनं काय भाजी चिरतात?"

आमच्या घरात सुरी नव्हतीच. आमच्यासारख्या घरांत सगळं विळीवर होई, मासळीसुद्धा. भावानं बाजारातून एक सुरी आणली. लोहारानं लॉरीच्या कमानीच्या पाट्यातून ठोकून काढलेली, बोटाएवढ्या जाड पाठीची. खाटीक वापरतात तशी. आईनं ती उजव्या हातात धरली आणि खिळ्यांवरच्या कांद्यावर दाबली. धार आत गेली, पण मागून ती जाड पाठ पाचरीसारखी कांद्यात शिरली आणि कांदा दोन बाजूंना फाटला. एक अर्धं खिळ्यांवर राहिलं, दुसरं घरंगळत चुलीपाशी गेलं. बटाट्याचंही तसंच. काकडीच्या तर फोडी उडाल्या.

"ऱ्हाऊं दे रं," आई म्हणाली. "माझ्या नशिबातच नाय."

"नशीब बिशीब काय नाय. सुरी जाड हाय, येवढंच," भाऊ म्हणाला. "धार चांगली हाय, अंग जाड हाय. अंग उतरवाला पायजे."

त्या वर्कशॉपात विजेवर चालणारा ग्राइंडर होता. मोटर, तिच्या एका बाजूला खरखरीत दगडी चाक आणि दुसऱ्या बाजूला जरा मऊ. लॉरीचे सुटे भाग, छिन्न्या, पहारी, सगळ्याला त्यावर तोंड करून देत. भावानं काम संपल्यावर ती सुरी त्यावर आडवी धरली आणि दोन्ही अंगांनी घासून घासून पातळ केली. घरी आणली तेव्हा ती सुरेख दिसत होती, चकचकीत आणि हलकी. धारेच्या कडेला मात्र मोरपिशी निळा रंग चढला होता. आईला तो रंग आवडला. पहिल्या दिवशी तिनं दोन वांगी चिरली आणि तिच्या तोंडावर किती दिवसांनी जरा कळा आली. दुसऱ्या दिवशी सुरी कापेना. धार एका बाजूला वळली होती, टिनाच्या पत्र्याची वळते तशी.

भाऊ ती परत वर्कशॉपात घेऊन गेला. वर्कशॉपचे मालक बेने इस्राएल होते, आमच्या भागातले जुने कोकणी ज्यू. माझा भाऊ त्यांना काका म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात बरीच वर्षं नोकरी करून त्यांनी इथं स्वतःचं काम सुरू केलं होतं. शनिवारी त्यांच्याकडे चाक फिरायचं नाही. बाकीचे सहा दिवस ते स्वतः हातात हातोडी घेऊन उभे असत. त्यांनी सुरी बघितली आणि भावाला म्हणाले, "हिचं पाणी उतरवलंस तू. निळी पडली म्हणजे तापली. तापली म्हणजे मऊ पडली. आता ही लोणी कापायलाच चांगली."

"मग काय करू?"

"चाकावर टेकवायची, उचलायची, पाण्यात बुडवायची. पुन्हा टेकवायची. हाताला मोजे घालू नकोस, उघड्या बोटांना ऊब लागली की थांब. घाई केलीस की संपलं. आणि चष्मा घातल्याशिवाय त्या चाकापाशी उभं राहायचं नाही, हे तुला किती वेळा सांगितलंय?"

त्या सुरीत आता काही राहिलं नव्हतं. काकांनी घरी गेल्यावर ही हकीकत काकींना सांगितली. काकी शनिवारी दुपारी कधीकधी आईजवळ येऊन बसायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या आणि बोलताना हळूच हसणाऱ्या. त्या आठवड्यात त्या आल्या त्या फडक्यात गुंडाळलेली एक सुरी घेऊन. त्यांच्या सासूची सुरी होती ती, विलायती पोलादाची, पण तीही जाडच. "आमच्याकडे दुसऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "ही नुसती पडून असते. तुमचा मुलगा हौशी आहे, त्याला काय करायचं ते करू दे."

त्यानंतर भाऊ रोज काम संपल्यावर थोडा वेळ मागे राहू लागला. एकदा मी शाळेतून परस्पर तिकडे गेले, आईसाठी औषध घ्यायचं होतं आणि पैसे त्याच्याकडे होते. वर्कशॉपच्या दारातून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. आत लोखंडाचा आणि तेलाचा वास. भाऊ ग्राइंडरसमोर वाकून उभा होता. डोळ्यांवर कामाचा जाड चष्मा, बाजूला पाण्याचं डबडं. तो सुरीचं पातं चाकावर अलगद आडवं टेकवायचा, ठिणग्यांचा एक पिसारा उडायचा आणि तोवर त्यानं ते उचललेलंही असायचं. मग पाण्यात बुडवायचं. चुर्र असा आवाज आला तर तो नाराज व्हायचा. आवाज आला नाही तर मान हलवायचा. मग पातं उजेडात धरून एक डोळा मिटून त्याच्या अंगावरून नजर फिरवायचा, तांदळात खडा शोधावा तसा. तो इतका रमला होता की मी आल्याचं त्याला कळलंच नाही. मोटर बंद केली तेव्हा मला बघून दचकला.

"बाय, तू कवा आलीस?"

"मघाशीच. झाली का रे?"

"नाय अजून. पाठीकडं जाड ठेवली पायजे, नायतर वाकंल. धारेकडं कागदासारखी पायजे. मधे उतार. हा उतारच जमत नाय. चष्म्यातनं नीट दिसत नाय गं, घामानं काच धुरकटते. रंग कवा चढतो तेच कळत नाय."

तो ते अगदी सहज बोलला. मीही सहज ऐकलं. तेव्हा त्यात भिण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

त्याच सुमाराला ठाण्याकडे नव्यानं निघालेल्या एका मोठ्या कारखान्यात त्यानं फिटरची परीक्षा दिली होती. तो पास झाला होता. आता फक्त डॉक्टरी तपासणी आणि मग बोलावणं, असं काकांच्या ओळखीच्या माणसानं सांगितलं होतं. काकाच त्याला म्हणाले होते, "माझ्याकडे तुला काय मिळणार? जा तिकडे." घरात आम्ही त्याबद्दल फार बोलत नव्हतो. पण आई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, "माझा पोरगा आता मोठ्या कंपनीत जानार हाय."

एक दिवस तो जरा लवकर घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "आये, झाली."

ती सुरी मी पुष्कळ वर्षांनी पुन्हा हातात घेतली, तेव्हाही तिचं काम किती नाजूक होतं हे कळत होतं. पाठीकडून धारेकडे ती अशी उतरत गेली होती की कुठं जाडी संपली आणि कुठं पातळपणा सुरू झाला हे बोटाला सांगता येत नव्हतं. निळा रंग कुठंही नव्हता. मूठ त्यानं शिसवीची नवी बसवली होती, आईच्या हाताच्या मापाची.

त्या दिवशी खाडीवरून ताजा जवळा आला होता. जवळ्याला कांदा भरपूर लागतो आणि तो बारीक लागतो. आई स्टुलावर बसली, फळी दुसऱ्या स्टुलावर ठेवली आणि कांदा खिळ्यांवर रोवला. तिनं सुरी टेकवली, जरा ओढली, आणि चकती पडली. दुसरी पडली. कांदा फाटला नाही, हलला नाही. चौथ्या पाचव्या चकतीनंतर तिचा हात सरावला. चकत्या आडव्या करून तिनं त्यांचे बारीक तुकडे केले. मग दुसरा कांदा घेतला, मग तिसरा. मी म्हणाले, "पुरे आता." ती म्हणाली, "पुरे कशी? चिरू दे मना." गरजेच्या दुप्पट कांदा त्या दिवशी चिरला गेला.

भाऊ उंबऱ्यावर बसून बघत होता. त्याच्या उजव्या डोळ्याला पाणी येत होतं. तो सारखा रुमाल लावत होता.

आईनं ते बघितलं आणि ती मोठ्यानं हसली. आजारपणानंतर मी तिला तशी हसताना पहिल्यांदाच बघत होते. "अरे, एवढा मोठा फिटर, आणि कांद्यानं रडतंस?"

"लय लागतो गं तुजा कांदा," तो म्हणाला आणि तोही हसला.

जेवताना त्याचा डोळा लाल झालेला होता. दिव्याच्या उजेडात मला तेवढंच दिसलं. तो दोन वेळा भात मागून जेवला. आईनं स्वतः चिरलेल्या कांद्यातला जवळा तिनं स्वतः त्याला वाढला. आमच्या घरातलं ते शेवटचं असं जेवण.

सुरीला शेवटचा हात मारताना त्यानं चष्मा काढून ठेवला होता. कडेला रंग चढतोय का ते त्याला उघड्या डोळ्यांनी बघायचं होतं. काका त्या वेळी बाहेर एका लॉरीवाल्याशी बोलत होते. चाकाचा का पोलादाचा कण डोळ्यात उडाला. त्यानं डोळा पाण्यानं धुतला, काकांना काही सांगितलं नाही आणि सुरी पुरी केली. घरीही सांगितलं नाही, कारण आईनं सुरीला हातसुद्धा लावला नसता. सकाळी तो कामावर गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला तेव्हा काकांनीच त्याला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या मुंबईला न्यायला सांगितलं. काका त्याच्याबरोबर गेले. मोठ्या दवाखान्यात तो कण काढला, पण आत पू झाला होता. डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

मी मुंबईला भेटायला गेले तेव्हा काका बाहेर बाकावर बसलेले होते. माझ्याशी बोलताना त्यांनी वर बघितलं नाही. "मी तिथंच होतो," ते म्हणाले. "दहा पावलांवर. हाक मारायला हवी होती, चष्मा घाल म्हणून. रोज मारायचो."

"काका, तुम्ही काय करणार?" मी म्हणाले.

"आणि सुरी माझ्या घरची."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

आईला कारण सांगायचं नाही, असं भावानं मला बजावलं होतं. डोळ्यात कचरा गेला एवढंच सांगायचं. पण आई काही खुळी नव्हती. काकी भेटायला आल्या तेव्हा तिनं त्यांना सरळ विचारलं आणि काकींना खोटं बोलता आलं नाही. मी घरी आले तेव्हा दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, काकींचा हात आईच्या निकामी हातावर होता. काकी गेल्यावर आई भिंतीला धरत उठली. सुरी धुतली, पुसली, एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. फळी तिनं माळ्यावर टाकायला लावली.

भाऊ घरी आला तेव्हा मी विळीवर बसून भेंडी चिरत होते. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"आये, सुरी कुठं हाय?"

"असंल कुठं तरी."

"मग भाजी बाय का चिरते?"

"मना नाय जमत ते," आई म्हणाली. "हात दुखतो माझा."

तो कपडे बदलायला आत गेला. त्यानंतर त्या घरात कधी सुरीचं नाव निघालं नाही. मी रोज विळीवर बसायचे, आई रोज स्टुलावर बसायची, आणि तो त्या वेळी मुद्दाम बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. तिघांनाही कळत होतं की काहीतरी अडलंय. पण एकमेकांना जपता जपता आम्ही गप्प राहायला शिकलो होतो.

कारखान्याची डॉक्टरी तपासणी झाली. एका डोळ्याचा फिटर त्यांना नको होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला सौम्य शब्दांत सांगितलं म्हणे. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, "जागा भरल्या." आईनं विचारलं नाही, कशा भरल्या. तिनं फक्त पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

तो काकांकडेच काम करत राहिला. ग्राइंडरवरही उभा राहायचा, चष्मा लावून. मग काकांच्या मुलांनी इस्राएलला जायचं ठरवलं आणि म्हातारा म्हातारीला इथं एकटं ठेवायला ती तयार झाली नाहीत. काकांचं मन नव्हतं. निघायच्या आधी काकी आईला भेटायला आल्या. काकी म्हणाल्या, "मी ती सुरी आणली नसती तर?" आई म्हणाली, "असं नका बोलू. तुमी चांगल्या मनानं आनली." काकींनी डोळे पुसले आणि आईच्या पायांना हात लावला, वयानं मोठ्या असून. त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही. वर्कशॉप एका टायरवाल्यानं घेतलं. त्याला फिटर नको होता.

भावाला पुण्याकडे एका लहान कारखान्यात काम मिळालं, तिथं डॉक्टर बिक्टर काही नव्हता. मी त्याला एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो, त्याची पत्र्याची ट्रंक पायाशी होती. अचानक तो म्हणाला, "बाय, एक सांगू?"

"सांग की."

"डोळ्याचं मना येवढं वाटत नाय. खरं सांगतो. काम चाललंय ना माझं? पन ती सुरी तिनं एकच दिवस वापरली. एकच. रोज वापरली असती ना, तर मी म्हटलं असतं, डोळा गेला पन आयेचं काम झालं. आता डोळाबी गेला आनि काम बी नाय झालं."

"तू तिला का नाही सांगत हे?"

"कसं सांगू? तिला वाटंल मी दोष देतो."

गाडी आली. तो चढला आणि त्याला खिडकीची जागा मिळाली. मला मात्र त्याची चांगली बाजूच दिसेल अशा बेतानं तो बसला, हे माझ्या लक्षात आलं.

मी तडक घरी गेले आणि आईला शब्द न् शब्द सांगितला. आईनं विचारलं, "असा बोलला तो?"

"असाच बोलला."

"आनि मना वाटलं, सुरी नजरंला पडली की त्याला तो दिस आठवंल. त्याला तरास नको म्हनून मी ती दडवून ठेवली गं."

ती रडली. तिच्या आजारपणात, भावाचा डोळा गेला तेव्हा, कधी मी तिला तशी रडताना पाहिली नव्हती.

सकाळी तिनं मला पेटी उघडायला लावली. सुरीवर गंजाचे बारीक ठिपके आले होते. मी राखेनं घासून ती स्वच्छ केली. माळ्यावरची फळी काढली. आई स्टुलावर बसली आणि तिनं कांदा चिरला. हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, थरथरत होता. पण चकत्या तशाच पडत होत्या. त्या दिवसापासून चिरण्याचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं. शिराळी, दुधी, पालेभाजी, सगळं ती त्या सुरीनं करायची. सुरी तिनं एकदाही इकडे तिकडे पडू दिली नाही, काम झालं की लगेच पुसून ठेवायची. म्हणायची, "शिमग्याला येईल ना तो, तवा बघंल. तू त्याला आधी सांगू नकोस. डोळ्यानं बघू दे."

मला ते पटलं. मलाही त्याचं तोंड बघायचं होतं.

शिमग्याच्या आधीच तिच्या अंगावरून पुन्हा वारं गेलं. या वेळी ती शुद्धीवर आली नाही. भाऊ आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघंच घरात राहिलो, तेव्हा मी त्याला सांगितलं. फळी दाखवली, सुरी त्याच्या हातात दिली. त्यानं सवयीनं ती उजेडात धरून तिच्या अंगावरून नजर फिरवली.

"खरंच चिरायची?"

"रोज."

"काय चिरायची?"

मी त्याला सगळं सांगितलं, अगदी कुठली भाजी, कुठल्या वाराला. तिचे शब्द सांगितले. तो ऐकत होता. मग त्यानं सुरी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस, सांगितलंस," तो म्हणाला. मला वाटलं, त्याला पोचलं.

सुरी त्यानं नेली नाही. मी ती बरीच वर्षं वापरली. तो पुण्याकडेच राहिला, त्यानं लग्न केलं, त्याला दोन मुली झाल्या. पनवेलला आला की गप्पा मारायचा, मुलींना खाडी दाखवायला न्यायचा. आईचा विषय निघाला की हसून बोलायचा. त्या सुरीबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही आणि मीही ती गोष्ट काढली नाही. मिटलं असं मी धरून चालले होते.

तो वारल्यावर मी त्याच्या घरी राहायला गेले होते. एक दिवस त्याची बायको आणि मी भाजी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "तुमच्यावर फार माया होती त्यांची. म्हणायचे, माझी बहीण माझ्यासाठी खोटंसुद्धा बोलली."

"खोटं? कुठलं?"

"ते सुरीचं. आईंनी ती नंतर रोज वापरली म्हणून तुम्ही सांगितलं होतं ना? ते म्हणायचे, मला बरं वाटावं म्हणून बहिणीनं किती रचून सांगितलं, वारासकट."

मी हातातली भाजी खाली ठेवली. तिला म्हणाले, ते खोटं नव्हतं. आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, पेटी, राख, थरथरता हात, शिमग्याला येईल तेव्हा बघेल म्हणणारी आई. सांगताना मला माझंच ऐकू येत होतं आणि ते खरोखरच रचल्यासारखं वाटत होतं. ती शांतपणे ऐकत होती. तिनं विश्वास ठेवला असावा. पण त्याचा काही उपयोग नव्हता, हे तिलाही कळलं असणार. उठून तिनं चहा टाकला.